पाच सवाष्णींनी उघडलेलं तुझं पुस्तक

आक्का,

तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुझ्या लिहिणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर अजून तुझा फोटो फिरतो आहे. फोटोला हार, खाली पणती, आणि पणतीची ज्योत आपोआप हलते. कुणीतरी फोनवरच तयार केलेला आहे. तो फोटो कुठला ते मी बघताक्षणी ओळखलं. तुझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या दिवशीचा आहे. तू स्टेजच्या खाली, बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होतीस, तेव्हाचा. खुर्ची कापून टाकली आहे, मागची भिंत कापून टाकली आहे, नुसता चेहरा ठेवला आहे. हसरा दिसतो. तू का हसत होतीस ते मला माहीत आहे, म्हणून तो फोटो आला की मी फोन पालथा ठेवते.

बोट दुखेपर्यंत वर सरकवलं तरी तेच. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. एकीनं लिहिलं म्हणून दुसरीनं, दुसरीनं म्हणून तिसरीनं. घरी आली ती एकटी औंधची चित्रकलेची बाई, दोन एसट्या बदलून. तिनं तुझ्या शिलाई मशीनवर हात ठेवला, चहा घेऊन गेली. तिच्यावर माझा राग नाही. बाकीच्यांवर आहे. तुझ्यावर सगळ्यात जास्त आहे, आणि तू असताना तो मी पुरता बाहेर काढला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुझ्या मापाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यावर लिहिते. चौथीपर्यंतची माझी शाळा, नंतर वीस वर्षं तुझ्या शिलाईच्या दुकानात काज-बटण. काना-मात्रा चुकली तरी तू हसायची नाहीस, म्हणून तुझ्यापुढं लिहायला लाज वाटत नाही. दुसऱ्या कुणाला हे दाखवायचं नाही.

वैशाली मॅडम आपल्या कवठ्याच्या शाळेत होत्या तेव्हापासून ब्लाऊज तुझ्याकडं शिवायच्या. साताऱ्याला बदली झाली तरी कापड तुझ्याकडंच पाठवायच्या, माप वहीत होतंच. एकदा स्वतः आल्या होत्या. तू त्यांच्या दंडाला टेप लावत एका बाईचं सांगत होतीस, ती दर वर्षी बाही इंचभर वाढवून मागायची. मॅडमनी विचारलं, "का हो?"

"निळं झाकायला," तू म्हणालीस.

मॅडमनी टेप लावलेला आपला दंड बघितला. मग म्हणाल्या, "आक्का, हे तुम्ही लिहा."

"मी? आवं मॅडम, मी सातवी नापास बाई."

"आमच्या ग्रुपवर या. रोज एक पान. एवढंच."

माप घेऊन झालं, त्या गेल्या, आणि त्या दिवशीच तुझ्या फोनवर 'रोजचं पान' हा ग्रुप आला. सातारा, कराड, सांगली, मिरज, इकडच्या दीडशेक बायका. नेम असा की दिवेलागणीच्या आत आपलं पान टाकायचं आणि दुसरीच्या पानाखाली काहीतरी खरं लिहायचं. नुसतं 'छान' लिहायचं नाही. तुला तो नेम फार आवडला होता. म्हणाली होतीस, "हितं खोटं चालत न्हाई म्हणं. बघू तरी."

तू खाकी कागदावर लिहायचीस. ब्लाऊजच्या मुंढ्याचा आकार कापून जो कागद उरायचा, त्याच्या वाकड्या तुकड्यावर. मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची, आणि कराडची एक निवृत्त बाई तो टाईप करून परत टाकायची. तिनं एकदा विचारलं होतं, "आक्का, तुमचं प्रत्येक पान अर्धगोल का असतं?" तू मला सांगितलंस, "तिला कळीव, बाईच्या बगलंतनं आलंय म्हणून."

एक दिवस पान गेलं नाही तर सांगलीच्या पद्मा वहिनींचा निरोप यायचाच. त्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, जैन. डीपीला बाहुबलींचा फोटो, त्यामुळं त्यांचा चेहरा आपण कधी बघितला नव्हता. पण त्यांच्या लिहिण्यावरून तू त्यांना ओळखीची बाई करून टाकली होतीस. "आक्का, तुमच्या पानाची वाट बघून आमच्याकडं भाकरी करपली. सासूबाईंना काय सांगू?" तू म्हणायचीस, "सांगा, लेखिकेनं करपवली."

त्या लांबत्या बाहीच्या पानाखाली सगळ्यांनी विचारलं होतं, पुढं काय झालं, पुढं काय झालं. मॅडम पण म्हणाल्या, शेवट हवा. तू दोन दिवस चिडून होतीस. शेवटी मला म्हणालीस, लिही, "पुढं काय व्हतंय. बाही मनगटापातूर आली." त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही दिवसभर. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे पुस्तक होणार.

हे मी मान्य करते. न केलं तर मी खोटी ठरेन. तो ग्रुप नसता तर तू लिहिलं नसतंस. चाळीस वर्षं तू बायकांच्या अंगाला टेप लावलीस आणि जे कळलं ते पोटात ठेवलंस. कोण पोटुशी आहे ते तिच्या नवऱ्याच्या आधी तुला कळायचं. कोण वाळत चालली आहे ते तिच्या आईच्या आधी. ते सगळं त्या बायकांनी तुझ्याकडून रोज थोडं थोडं मागून घेतलं. कुठलं पान आधी, कुठलं मागून, त्यांनी लावून दिलं. नाव त्यांनीच निवडलं, 'मापाची वही'. औंधच्या बाईनं कव्हरवर टेप काढली, साप बसावा तशी वेटोळं करून. रोज संध्याकाळी तू चष्मा लावून त्यांचं सगळं वाचायचीस आणि चहा गार व्हायचा. त्या दीड वर्षात तू जेवढी बोललीस तेवढी मी तुला वीस वर्षांत ऐकली नव्हती.

आणि तू ते पान लिहिलंस. तुझं स्वतःचं.

मला ते आधी माहीत होतं, तरी त्या कागदाचा फोटो मला दोनदा काढावा लागला. तुझा नवरा गेला तेव्हा तू एकोणतीस वर्षांची. बाराव्याला तुझ्या चुलत सासूनं तुझ्या लग्नातलं ब्लाऊज बाहेर काढलं आणि ब्लेडनं त्याचे काठ उसवायला घेतले. काठाचं तुला चालणार नव्हतं. म्हातारीला उसवता येत नव्हतं, कापड फाटत होतं. तू बघत बसली होतीस. शेवटी तुला राहवलं नाही. तू तिच्या हातातून ब्लेड घेतलंस आणि आपल्या हातानं, एक एक टीप, नीट उसवून दिलंस. कापड कुठं फाटलं नाही, असं तू शेवटी लिहिलं आहेस.

त्या पानाखाली ग्रुपवर काय आलं होतं ते मी आज परत काढून वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. शब्द नाहीत. आक्का, हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आपण बायकाच बायकांना असं का करतो. मॅडमनी लिहिलं होतं, हे पान प्रत्येक घरात गेलं पाहिजे.

ह्याच त्या बायका, आक्का. दुसऱ्या कुणी नाहीत.

संक्रांतीला प्रकाशन करायचं हे मॅडमनीच सुचवलं. हळदीकुंकवाचा कार्यक्रम ठेवायचा, पुस्तक वाण म्हणून लुटायचं, मग प्रत्येकीनं दहा-दहा प्रती घरी न्यायच्या आणि रथसप्तमीपर्यंत आपापल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना द्यायच्या. प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या देण्यापेक्षा पुस्तक. ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस पडला. मला पण ते पटलं होतं. असं कुणी कधी केलं नव्हतं. पुढारी नाही, अध्यक्ष नाही, बाईचं पुस्तक बायकांच्या हातून चुलीपर्यंत जाणार.

विधवेच्या पुस्तकाला हळदीकुंकू, हे दीडशे बायकांत एकीच्याही मनात आलं नसेल का? मला तसं वाटत नाही. सगळ्यांच्या मनात आलं असणार. प्रत्येकीला वाटलं, दुसरी कुणीतरी बोलेल. आणि आक्कांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोललंच नाही. आपल्याकडं असंच असतं. बाईला वाईट वाटू नये म्हणून तिच्याबद्दल गप्प बसायचं, आणि मग तिला सगळ्यांच्या समोर बाजूला काढायचं.

मी मात्र दुकानात तुला विचारलं होतं. तू हे नाकारू शकत नाहीस.

"आक्का, हळदीकुंकू म्हणत्यात. तू कुठं बसणार हायस?"

"लेखिका कुठं बसती? स्टेजवर."

"आणि कुंकवाचं?"

"त्यास्नी कळतंय की. शिकल्या-सवरल्या बाया हायती. माझ्या म्हायेरच्या ग्रामपंचायतीनं बी ठराव केलाय, असलं काय पाळायचं न्हाई म्हणून."

"ठराव भिंतीवर लावलाय. ताट बाईच्या हातात असतंय."

"रत्ने, तू लई बोलतीस माझ्यापुढं. तिथं गेल्यावर बोल जरा."

मी त्या रात्री जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी मी खणाची पिशवी शिवली, पुस्तक गुंडाळायला. तुझी बोटं संधिवातानं आखडलेली, म्हणून गाठ अशी मारली की एक टोक ओढलं की सुटावी. तीन वेळा सोडून बघितली. तुझ्या हातासाठी केली होती ती.

हॉल सांगलीतला. दारात कमान, उसाची कांडं, बोरं, हरभरा, तिळगुळाच्या वड्या. तुझा मोठा फोटो बॅनरवर, खाली लिहिलेलं, लेखिका. तू नवीन जांभळी साडी नेसली होतीस आणि ब्लाऊजला काठ लावला होतास. मला वाटलं, आज ही सगळं उलटं करणार. दारात एक मुलगी ताट घेऊन उभी होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला हळद, कुंकू, मनगटाला अत्तर, गुलाबपाणी. तू पुढं, मी मागं. तिनं बोट कुंकवात बुडवलं, वर बघितलं, बोट तसंच राहिलं. लहान मुलगी, तिला काय करावं कळेना. तिनं मागं वळून बघितलं, तिथं चार मोठ्या बायका होत्या. त्या चौघी तिळगूळ मोजायला लागल्या.

आणि तू हात जोडून बाजूला सरलीस. हसलीस. म्हणालीस, "तिला लाव बाळ, तिला. अत्तर लाव मला."

तिनं मला कुंकू लावलं.

पुढचं मला लिहायचं नाही, पण लिहिते. मॅडम माईकवर म्हणाल्या, "आता पाच सुवासिनींच्या हस्ते पुस्तकाचं प्रकाशन होईल." चार नावं घेतली आणि पाचवं माझं. आक्कांच्या दुकानात वीस वर्षं त्यांच्या सोबत काम करणाऱ्या रत्नाताई. टाळ्या वाजल्या. माझा नवरा सोनं-चांदी गाळायच्या कामाला तमिळनाडूत गेला, त्याला अकरा वर्षं होत आली. पहिली दोन वर्षं फोन यायचा. मग नंबरच बंद. कुणी म्हणतं तिकडं घर केलंय, कुणी काय म्हणतं. त्या माणसाच्या जिवावर मी सवाष्ण, आणि ज्या बाईनं पुस्तक लिहिलं ती खाली खुर्चीत. मी तुझ्याकडं बघितलं. तू मान हलवलीस, जा म्हणून. माझे पाय वर चालत गेले. चारशे डोळ्यांसमोर मला नाही म्हणता आलं नाही. बाकी चौघींना गाठ सुटेना, म्हणून मीच टोक ओढलं.

नंतर त्यांनी तुला वर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. तू दोन मिनिटं बोललीस, सगळ्यांचे आभार मानलेस, एका वाक्यावर हशा घेतलास. बायका रडल्या, सेल्फी काढले, सह्या घेतल्या. ओटी कुणी भरली नाही. ते कुणाच्या लक्षात पण आलं नाही, आणि हाच माझा खरा राग आहे. कुणी वाईट नव्हतं. एक जरी वाईट असती तर मी तिला धरली असती.

येताना एसटीत मी पदरानं कपाळ पुसायला लागले, तर तू माझा हात धरलास.

"पुसू नगंस. नवरा जित्ता हाय तुजा."

"कशावरनं?"

"मेला असता तर कळवलं असतं की कुणी."

"आणि जित्ता असल्याचं कोण कळवतंय?"

तू हसलीस. मी नाही हसले. मी म्हणाले, "आक्का, तू का बाजूला सरलीस? ती पोरगी थांबली व्हती. थांबू द्यायचं तिला."

"पोरगी लाजली असती."

"लाजू दे की. त्या चौघी बी लाजल्या असत्या."

"आगं, पुस्तक घराघरांत चाललंय. ताटापायी त्ये आडवून धरायचं व्हय मी?"

"त्या समद्या तुझं पान वाचून रडल्या व्हत्या."

"रडल्या न्हवं? मग झालं. कुणाच्या लिवण्यावर कोण रडतंय?"

"तवाबी ब्लेड तूच हातात घेतलंस. त्यास्नी उसवता येईना म्हणून तूच उसवून दिलंस. आज बी तेच केलंस."

तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. मिरज आलं, माणसं चढली, उतरली. गाडी सुटल्यावर तू म्हणालीस, "आणि तू? चढलीस न्हवं वर. गाठ कुणी सोडली?"

त्यानंतर आठ दिवस आपण कामापुरतं बोललो. काज कर. केलं. हूक लाव. लावले. नवव्या दिवशी तू माझ्या पुढ्यात चहाचा कप ठेवलास आणि एका गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवलीस, मला हसू आलं, आणि भांडण तसंच राहिलं. मिटलं नाही, आक्का. तू ते चहाखाली झाकलंस.

पुस्तक मात्र तू म्हणालीस तसं गेलं. ते पण लिहायला हवं. कोरेगावच्या एका बाईनं आवाजाचा निरोप पाठवला होता, तिच्या सासूला वाचता येत नाही म्हणून तिनं पूर्ण पुस्तक वाचून दाखवलं, आणि सासूनं दुसऱ्या दिवशी ट्रंकेतलं आपलं काठ उसवलेलं जुनं झंपर काढून सुनेला दाखवलं. तासगावकडची एक म्हातारी तर दुकान शोधत आली. तुला म्हणाली, "माजं माप घे. शिवायचं कायबी न्हाई. नुसतं माप घे आन वहीत लिव." तू घेतलंस. नाव, छाती, कंबर, दंड, सगळं. तुझे डोळे भरले होते आणि तू म्हणत होतीस खडूची धूळ गेली. तेव्हा मला वाटलं होतं की तुझंच बरोबर असेल. ताट सोडून दिलंस आणि हे मिळवलंस.

मिरजेच्या दवाखान्यात तू शेवटचे चार दिवस होतीस. मी रोज एसटीनं यायचे. तिसऱ्या दिवशी तू ऑक्सिजनची नळी बाजूला करून विचारलंस, पानाखाली कुणी काय लिवलंय का. मी म्हणाले, लई लिहिलंय, घरी आल्यावर वाचू. खरं तर मी फोन उघडलाच नव्हता. मला तेव्हा तुला सांगायचं होतं की एसटीत तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि मला त्याची लाज वाटते. मी तुझ्या पायाला तेल लावत बसले. सांगायचं ते राहिलं.

आता ह्या आठवड्यात काय झालं ते ऐक.

मॅडमचा फोन आला. आवाज खरंच भरून आलेला होता, त्यांचं तुझ्यावर प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही. म्हणाल्या, "रत्नाताई, आपण दुसरी आवृत्ती काढतोय. यंदा आक्कांच्या मापाच्या वहीतल्या पानांचे फोटो त्यात घालायचेत, वही तुमच्याकडे आहे ना? आणि संक्रांतीलाच वाण करू, गेल्या वर्षीसारखं. आक्कांच्या स्मरणार्थ. त्यांचा मोठा फोटो स्टेजवर मधोमध ठेवू. पाच सुवासिनींमध्ये तुम्ही तर हव्याच."

फोटो स्टेजवर. मधोमध. ऐकलंस? जिवंत होतीस तेव्हा खाली होतीस. आता मेलीस तर वर चालतेस.

मला काय झालं कळलं नाही. मी म्हणाले, "मला जमायचं न्हाई मॅडम. मी विधवा हाय."

"अगं बाई." त्या थांबल्या. "कधी झालं हे? आम्हाला काहीच कळवलं नाहीत."

"अकरा वर्षं झाली."

मला वाटलं फोन कट झाला. "म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही..." एवढंच म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. त्यांना कशाची काळजी वाटली, पुस्तकाची का आणखी कशाची, देव जाणे. मग म्हणाल्या, "बरं, असू दे. मी तुमच्या जागी दुसरं कुणीतरी बघते. पण कार्यक्रमाला या हं. नक्की या."

मी खोटं बोलले. तो माणूस असेल कुठंतरी भट्टीपुढं बसलेला. पण त्या एका वाक्यानं मी स्टेजवरून खाली आले आणि मला जेवढं कळायचं तेवढं कळलं. माझं काहीच बदललं नव्हतं, हात तेच, काज तसंच. नुसतं एक वाक्य.

दोन दिवस मी ह्याच वहीच्या पानावर लिहून खोडत होते. काल दुपारी फोनवर उतरवलं आणि ग्रुपवर टाकलं. इतक्या दिवसांत मी तिथं तुझे कागद सोडून माझं असं काही टाकलं नव्हतं. मी काय लिहिलं ते तुझ्यासाठी इथं उतरवते:

"मी रत्ना. आक्कांच्या दुकानात काज-बटण करते. गेल्या संक्रांतीला पुस्तक उघडणाऱ्या पाच जणींत मी होते. माझा नवरा अकरा वर्षांपूर्वी निघून गेला, तो आहे का नाही मला ठाऊक नाही. मॅडमना मी विधवा आहे म्हणाले ते रागानं म्हणाले. त्या नवऱ्याच्या नावावर मला स्टेजवर जागा मिळाली आणि पुस्तक लिहिणारी बाई खाली बसली. ते आपण सगळ्यांनी बघितलं, मी पण बघितलं, आणि गाठ मीच सोडली. यंदा असं होणार असेल तर वहीची पानं मी देणार नाही. वाण द्यायचं तर द्या, पण पुस्तक आधी विधवा बायका उघडतील. कुंकू प्रत्येकीला विचारून लावा, नाहीतर कुणालाच लावू नका. आक्कांचं ब्लाऊजचं पान ज्यांनी वाचलं आहे त्यांना जास्त सांगायला नको."

पाठवलं आणि फोन समोर ठेवला. कुणी कुणी वाचलं ते दिसतं ना, तिथं नावं वाढत गेली. वीस, पन्नास, नव्वद. कुणी काही लिहीना. हलणारी पणती पण कुणी टाकली नाही. मी दोन ब्लाऊजना हूक लावले, एक उलटं लावलं, परत काढलं.

चार वाजता पद्मा वहिनींचं आलं. करपलेली भाकरी नाही, विनोद नाही.

"मी पद्मा. मला सहा वर्षं झाली. ग्रुपवर सांगितलं नव्हतं. प्रकाशनाच्या दिवशी मी ताप आहे म्हणून कळवलं होतं. ताप नव्हता. तो हॉल माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे."

आक्का, मी ते उभी राहून वाचलं. तू तिला किती वेळा म्हणायचीस, वहिनी, एकदा तरी दर्शन द्या. दहा मिनिटांवर घरात बसून होती ती, तिचं आवडतं पुस्तक सुटत असताना.

मग कराडच्या बाईचं आलं, तुझं पानन् पान टाईप करणाऱ्या. "मला पंधरा वर्षं झाली. मी त्या दिवशी मागच्या रांगेत होते. दारात ताट आलं तेव्हा मी फोनवर बोलतेय असं दाखवलं." मग आणखी एक. मग एकीनं नुसतं लिहिलं, मी पण. दिवेलागणीपर्यंत सात जणी झाल्या. त्यांतल्या तिघी त्या दिवशी हॉलमध्ये होत्या, मागच्या एकाच रांगेत, आणि कुणालाच कुणाचं माहीत नव्हतं.

मॅडमनी लिहिलं, "आपण यावर शांतपणे चर्चा करू." मी लिहिलं, चर्चा नको, स्टेजवर खुर्च्या किती लागतील ते मोजा. त्यानंतर त्यांचं काही आलेलं नाही. येईल. नाही आलं तर ही वही माझ्या ट्रंकेत जाईल.

तुला वाटत होतं तू एकटी आहेस आणि एकट्या बाईनं कार्यक्रम बिघडवायचा नसतो. मला वाटत होतं मी लाजाळू आहे म्हणून माझं गप्प बसणं चालतं. त्या हॉलमध्ये ताट थांबलं तेव्हा तू फक्त जागेवर उभी राहायला हवी होतीस. बोलायला पण नको होतं. मागच्या रांगेतल्या तिघींनी ते बघितलं असतं.

काल सात जणींनी सांगितलं. तू असतीस तर आठवी झाली असतीस. तू पहिली व्हायला हवी होतीस, आक्का. तो राग मी अजून सोडलेला नाही.